शापाची स्तोत्रे मोठ्याने वाचावीत का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. मंडळीच्या बुधवारच्या शास्त्राभ्यासात तुम्ही स्तोत्रसंहिता क्रमाने वाचत आहात. १३७व्या स्तोत्राची सुरुवात सगळ्यांच्या ओळखीची, बाबेलच्या नद्यांकाठी बसून रडलो ती. पण शेवटचे वचन वाचून झाले आणि कोणी काही बोलेना. एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी सुचवले की असली वचने वगळून पुढे जावे. एका तरुण मुलीने विचारले, शत्रूंवर प्रीती करा म्हणणाऱ्या प्रभूने हे स्तोत्र म्हटले असेल का? आणि आता तुम्ही मला विचारता की देवाकडे सूड मागणाऱ्या या प्रार्थनांचे करायचे काय.

मी तीसेक वर्षे हिब्रू शिकवली आणि त्याहून थोडी जास्त वर्षे पाळक म्हणून काढली. माझे उत्तर आधीच सांगून टाकतो : वगळू नका. मात्र ती कोणाच्या तोंडची आहेत हे नीट समजून घेतल्याशिवाय वाचूही नका.

आधी ते अवघड वचनच घेऊ. शब्दशः भाषांतर केले तर ते असे आहे : "बाबेलकन्ये, उद्ध्वस्त होणारे, तू आम्हांला जे केलेस त्याची फेड तुला करणारा तो धन्य! तुझी तान्ही मुले धरून खडकावर आपटणारा तो धन्य!" इथे 'धन्य'साठी 'अश्रे' हा शब्द आहे. पहिल्या स्तोत्राची सुरुवात ज्या शब्दाने होते तोच. हा शब्द सौम्य करून दाखवणारी भाषांतरे मी पाहिली आहेत. मला ते पटत नाही. ज्याने हे लिहिले त्याला नेमके हेच म्हणायचे होते.

असे कोण म्हणतो? इ.स.पू. ५८७च्या सुमारास बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर याच्या सैन्याने यरुशलेम घेतले. त्याआधी सुमारे दीड वर्ष शहराला वेढा होता. आत अन्न उरले नव्हते. विलापगीतात आयांनी आपलीच मुले शिजवल्याचे लिहिले आहे. शहर पडल्यावर सिद्कीया राजाला पकडून रिब्लाला नेले, त्याच्या डोळ्यांदेखत त्याच्या मुलांना मारले, मग त्याचे डोळे काढले आणि बेड्या घालून बाबेलला नेले. म्हणजे त्या बापाने शेवटचे जे पाहिले ते मुलांचे मरण. तान्ह्या मुलांना आपटणे ही कवीची कल्पना नव्हे. त्या काळी जिंकलेल्या शहरात हे होत असे. अलीशा संदेष्टा, पुढे अरामाचा राजा होणाऱ्या हजाएलसमोर रडतो तो याच गोष्टीसाठी. होशेय आणि नहूम हे दोघे संदेष्टेही तिचा उल्लेख करतात. स्तोत्रकर्ता जे मागतो ते त्याने स्वतः पाहिलेले आहे. 'तू आम्हांला जे केलेस' यातला 'जे' कोणता, हे शेवटच्या ओळीत कळते.

आता स्तोत्र पहिल्यापासून वाचा, सावकाश. पकडून नेणारे लोक कैद्यांना म्हणतात, सियोनेचे, म्हणजे यरुशलेमचे, एखादे गाणे म्हणून दाखवा. वीणा वाळुंजांवर टांगलेल्या आहेत. परक्या भूमीत परमेश्वराचे गाणे कसे गावे, असा प्रश्न पडलेला आहे. यानंतर या स्तोत्रात पहिला शाप येतो, आणि तो बाबेलला नाही. तो गाणाऱ्याने स्वतःला दिलेला आहे. "यरुशलेमा, मी तुला विसरलो तर माझा उजवा हात विसरो, माझी जीभ टाळूला चिकटो." उजवा हात म्हणजे तारा छेडणारा हात, आणि जीभ म्हणजे गाणारी जीभ. वाजवणे आणि गाणे या दोन्हींवर तो स्वतःच शाप ओढून घेतो. हिब्रूत 'विसरलो' आणि 'विसरो' ही एकाच धातूची रूपे शेजारी शेजारी बसली आहेत. उजवा हात नेमके काय विसरो, हे मूळ वाक्यात नाहीच. पुष्कळ भाषांतरकार तिथे 'आपले कौशल्य' असे घालतात. मी विद्यार्थ्यांना सांगत असे, ते रिकामे राहू द्या.

मी विसरणार नाही अशी शपथ वाहून झाल्यावर तो देवाकडे वळतो आणि म्हणतो : "आठव." संपूर्ण स्तोत्रात देवाकडे केलेली मागणी एवढीच आहे. शेजारचे अदोमी लोक यरुशलेम पडले त्या दिवशी 'आरू, आरू' म्हणून ओरडत होते, पायापर्यंत उघडे करा म्हणत होते, ते आठव. शेवटची दोन वचने तर व्याकरणाने प्रार्थनाही नाहीत. देवा, तू कर, असे तिथे नाही. मी करीन, असेही नाही. छळणाऱ्यांनी गाणे मागितले होते. मला नेहमी वाटत आले आहे की शेवटच्या ओळी हेच ते गाणे. त्यांना हवी होती करमणूक, आणि वाट्याला आले हे.

पुढे काय झाले तेही सांगा तुमच्या सभेला. इ.स.पू. ५३९मध्ये पारसाचा राजा कोरेश याने बाबेल घेतले तेव्हा शहरात कत्तल न करता त्याचे लोक आत गेले, असे त्या काळच्या बाबेली लिखाणातच आहे. खडकावर मुले आपटली गेली नाहीत. आणि त्याच बंदिवासातल्या लोकांना यिर्मया संदेष्ट्याने यरुशलेमहून पत्र पाठवले होते की घरे बांधा, मळे लावा, ज्या नगरात तुम्हांला नेले आहे त्याच्या कल्याणासाठी परमेश्वराकडे प्रार्थना करा. हे पत्र आणि हे स्तोत्र एकाच समाजाने जपले. कोणी एकाने दुसरे खोडले नाही.

आता शब्दाकडे येतो, कारण मराठीत आपली निम्मी अडचण शब्दाची आहे. हिब्रूत न-क-म असा धातू आहे. त्याच्या रूपांसाठी आपल्या पवित्र शास्त्रात बहुतेक ठिकाणी 'सूड' येतो. मराठीत सूड म्हटले की मनात धुमसत ठेवलेले वैर, संधी साधून काढलेला काटा, हे डोळ्यांसमोर येते. हिब्रूत त्या धातूचा वापर पाहिला तर प्रश्न बहुधा अधिकाराचा असतो : हे करण्याचा हक्क कोणाला? लेवीय १९:१८ हे वचन आपण 'शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती कर' म्हणून पाठ करतो, पण त्याचा आरंभ 'न-क-म करू नको' असा आहे. अनुवाद या पुस्तकात (३२:३५) देव म्हणतो, न-क-म माझे आहे. आणि ९४व्या स्तोत्रात पहिल्याच ओळीत त्याला त्याच नावाने दोनदा हाक मारली आहे. तिथे तक्रार कोणाविरुद्ध आहे? विधवेला, परक्याला ठार मारणाऱ्यांविरुद्ध, अनाथांचा जीव घेणाऱ्यांविरुद्ध, आणि कायद्याच्या आडून अन्याय रचणाऱ्या सिंहासनाविरुद्ध.

याला मराठीत नेमका शब्द आहे : दाद मागणे. खालच्या कचेरीत दाद लागली नाही की माणूस वरच्या कचेरीत जातो. तिथेही लागली नाही तर आणखी वर. ज्याच्यासाठी सगळ्या कचेऱ्या बंद झाल्या तो म्हणतो, देवा, आता तूच बघ. लूक १८मधल्या विधवेची गोष्ट तुम्हांला माहीत आहे. ती न्यायाधीशाच्या दाराशी रोज जाऊन न्याय मागते. ग्रीकमध्ये तिच्या तोंडी जे क्रियापद आहे, त्याच कुळातला शब्द रोमकरांस पत्राच्या १२व्या अध्यायात 'सूड घेणे माझ्याकडे आहे' म्हणून आपण वाचतो. एका ठिकाणी मराठीने न्याय म्हटले, दुसऱ्या ठिकाणी सूड. विधवेची मागणी ऐकताना आपल्याला धक्का बसत नाही आणि स्तोत्र ऐकताना बसतो, याचे एक कारण हे आहे. एकच कारण नव्हे. खडकावरची मुले कोणत्याही शब्दाने सौम्य होत नाहीत.

तुमच्या सभेत कोकणातले कोणी असेल तर त्यांना गाऱ्हाण्याची आठवण करून द्या. स्तोत्रांपैकी फार मोठा भाग गाऱ्हाण्यांचा आहे, आणि गाऱ्हाणे घालणारा काही शब्द तोलूनमापून बोलत नाही. शाप हा दुबळ्याचा कायदा असे, हेही आपल्या मातीला ठाऊक आहे. शिलाहार आणि यादवांच्या काळातल्या गधेगाळी आजही गावाच्या वेशीवर उभ्या दिसतात. हे दान मोडील त्याच्यावर अमुक ओढवो, असे दगडावर कोरून ठेवायचे, कारण शंभर वर्षांनी ती जमीन राखायला राजाचा शिपाई असेलच असे नाही. फरक एवढा की गधेगाळीतला शाप त्या शब्दांच्या जोरावर उभा असतो. स्तोत्रांत शब्दांना आपली अशी ताकद नाही. सगळे देवाने ऐकण्यावर आहे. तो ऐकेल किंवा ऐकणार नाही, आणि ऐकले तरी काय करील ते त्याच्या हाती.

१०९वे स्तोत्र याहून कडक आहे. त्यातले ६ ते १९ हे शाप एका दमात वाचवत नाहीत : त्याचे दिवस थोडे असोत, त्याची मुले पोरकी होवोत, त्याची बायको विधवा होवो, सावकार त्याचे सगळे लुटो. इथे एक गोष्ट पाहा. १ ते ५ वचनांत शत्रू अनेक आहेत, 'ते' म्हणून येतात. ६व्या वचनात एकाएकी 'तो' सुरू होतो आणि २०व्याला पुन्हा 'ते' येतात. हिब्रूत अवतरणचिन्हे नसतात. म्हणून काही अभ्यासक म्हणतात की मधले शाप शत्रूंनी स्तोत्रकर्त्याला दिलेले आहेत, आणि तो ते देवापुढे जसेच्या तसे वाचून दाखवतो आहे. २८व्या वचनाला हे जुळते : "ते शाप देवोत, तू आशीर्वाद दे." दुसरा पक्ष म्हणतो की शाप त्याचेच आहेत. मी वर्षानुवर्षे पहिल्या बाजूने होतो. आता मला तितकी खात्री वाटत नाही, कारण शाप शत्रूंच्या तोंडी घातले की स्तोत्रकर्ता फार लवकर निर्दोष सुटतो, आणि २०व्या वचनात तो म्हणतोच की हेच माझ्या आरोप करणाऱ्यांना परमेश्वराकडून मिळो.

दोन्ही वाचनांत एक गोष्ट कायम राहते. हे सगळे कोर्टातले आहे. खोटी साक्ष, खोटा आरोप. उजव्या बाजूला आरोप करणारा उभा राहावा, असे ६वे वचन म्हणते. तिथे हिब्रू शब्द 'सातान' आहे, म्हणजे फिर्याद चालवणारा. शेवटच्या वचनात त्याच उजव्या बाजूला कोण उभे आहे? परमेश्वर, गरिबाला दोषी ठरवणाऱ्यांपासून सोडवायला. अनुवाद १९चा नियम असा की खोट्या साक्षीदाराने दुसऱ्यावर जे आणू पाहिले तेच त्याच्यावर यावे. माणसांच्या कोर्टात तो नियम चालला नाही म्हणून तो देवाच्या कोर्टात मांडला आहे. आणि मध्येच ४थ्या वचनात दोन शब्दांचे वाक्य आहे : 'वा-अनी तफिल्ला.' "आणि मी, प्रार्थना." क्रियापद नाही. त्याच्यापाशी दुसरे काही उरलेच नाही, तो स्वतःच प्रार्थना झाला आहे.

हे स्तोत्र मला एका बाईंनी शिकवले असे म्हटले तरी चालेल. नवरा गेल्यावर दिरांनी फेरफार करून सातबाऱ्यावरून त्यांचे नाव काढले होते. सही त्यांची म्हणून दाखवलेली, पण त्यांनी केलेली नव्हती. त्या मंडळीत येत, शेवटच्या बाकावर बसत, आणि प्रभुभोजनाच्या आधी उठून जात. सहा महिन्यांनी मी विचारले तेव्हा म्हणाल्या, "पास्टर, मी दिराच्या पोरांना शाप दिलाय. रोज देते, बोटं मोडते. अशा तोंडानं भाकर कशी खाऊ?" मी त्यांना शत्रूंवर प्रीती करण्याचे वचन सांगितले नाही, ते त्यांना माझ्यापेक्षा चांगले पाठ होते. त्यांच्या ओसरीवर बसून १०९वे स्तोत्र मोठ्याने वाचले. 'त्याची मुले पोरकी होवोत' इथे त्यांनी हात वर करून मला थांबवले. "हे शास्त्रात आहे?" म्हणाल्या. "अगदी हेच म्हणाले होते मी." बराच वेळ आम्ही दोघे गप्प होतो. मग त्यांनी मला पुढे वाचायला सांगितले. २१व्या वचनात 'पण तू' असे देवाला उद्देशून येते, तिथे त्या रडू लागल्या.

त्यानंतर काही आठवडे त्या तेच स्तोत्र रोज म्हणत. शाप एकटीने पुटपुटण्यात आणि तो देवाच्या तोंडावर म्हणण्यात फरक आहे, असे त्यांनीच मला सांगितले. "पुटपुटते तेव्हा तो माझ्यापाशीच राहतो. त्याला सांगितलं की मग त्याचं तो बघतो." पुढच्या ईस्टरला त्या प्रभुभोजनाला बसल्या. दावा तेव्हा चालूच होता आणि त्यांनी तो मागे घेतला नाही. मीही तसे कधी सुचवले नाही.

तरुण मुलीच्या प्रश्नाकडे येतो. मंडळीने या स्तोत्रांचे काय केले हा इतिहास मोठा आहे. ऑगस्टिनसारख्या जुन्या आचार्यांनी बाबेलची तान्ही मुले म्हणजे मनात नुकत्याच जन्मलेल्या वाईट इच्छा, आणि खडक म्हणजे ख्रिस्त, असा अर्थ लावला : वाढण्याआधीच आपटा. उपासनेत हे वाचन शतकानुशतके उपयोगी पडले, पण त्यात मूळ रडणारा माणूस हरवतो. जॉन वेस्ली यांनी १७८४मध्ये अमेरिकेतल्या मेथडिस्टांसाठी उपासनापद्धती तयार केली तेव्हा ख्रिस्ती मंडळीच्या तोंडी शोभत नाहीत म्हणून बरीच स्तोत्रे गाळली. रोमन कॅथलिक मंडळीने दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर दैनिक प्रार्थनाविधी नव्याने मांडला, त्यात ५८, ८३ आणि १०९ ही स्तोत्रे पूर्ण वगळली, आणि १३७ची शेवटची तीन वचनेही. म्हणजे तुमचे ते वडीलधारे गृहस्थ एकटे नाहीत, त्यांना हे जरूर सांगा.

यहूदी परंपरेतही ही अस्वस्थता आहे. तालमूद या यहूदी धर्मग्रंथात रब्बी मेइर यांची गोष्ट येते. शेजारचे गुंड त्यांना फार छळत, म्हणून ते मरावेत अशी प्रार्थना ते करत होते. पत्नी बरूर्‍या म्हणाली, १०४व्या स्तोत्रात 'पापी' नाहीसे होवोत असे कुठे आहे? 'पापे' नाहीशी होवोत असे वाच. त्यांनी तशी प्रार्थना केली आणि ते लोक सुधारले. व्याकरण काटेकोर लावले तर त्या शब्दाचा अर्थ 'पापी' असाच होतो, हे मी हिब्रूचा शिक्षक म्हणून सांगायला हवे. बरूर्‍यालाही ते कळत असणारच. तिने तरीही तसे वाचले, आणि मला तिचे वाचन प्रिय आहे.

आणि एक दिवस आठवतो तो ११ जुलै १९३७. जर्मनीत फिंकेनवाल्डे इथे नाझींना विरोध करणारे पाळक डीट्रिख बॉनहोफर यांनी ५८व्या स्तोत्रावर प्रवचन केले. दहा दिवसांपूर्वी त्यांचे सहकारी मार्टिन नीमोलर यांना नाझी पोलिसांनी अटक केली होती. हे स्तोत्र अन्यायी न्याय करणाऱ्यांना विचारते, तुम्ही खरोखर न्याय बोलता का? मग, देवा, त्यांचे दात पाड, असे म्हणते आणि पृथ्वीवर न्याय करणारा देव आहेच या शब्दांवर संपते. बॉनहोफर यांचे म्हणणे असे की आपण पापी माणसे हे आपल्या नावावर म्हणूच शकत नाही. निष्पाप ख्रिस्तच हे म्हणू शकतो, आणि ज्या सुडाची मागणी आहे तो त्याने वधस्तंभावर स्वतःवर झेलला. मुलीला सांगा की होय, प्रभूने ही स्तोत्रे म्हटली असणार, यहूदी घरात वाढलेल्या माणसाची प्रार्थनेची वही हीच. आणि त्याच तोंडाने त्याने "त्यांना क्षमा कर" असेही म्हटले.

एका गोष्टीची मात्र मला मनापासून भीती वाटते. ही स्तोत्रे बळवंतांच्या हाती पडली की विष होतात. २००९मध्ये अमेरिकेत काही लोकांनी राष्ट्राध्यक्ष ओबामा यांच्यासाठी प्रार्थना करा म्हणून गाड्यांवर आणि कपड्यांवर '१०९:८' छापले. 'त्याचे दिवस थोडे असोत' असे ते वचन, आणि पुढचेच 'त्याची मुले पोरकी होवोत'. त्यातल्या कोणाला कोणी बंदिवासात नेले नव्हते. मंडळीतल्या भांडणात, ट्रस्टच्या निवडणुकीत, सासू-सुनेच्या वादात कोणी १०९वे स्तोत्र काढले तर त्याला तिथेच थांबवा. १३९व्या स्तोत्रात 'मी त्यांचा पुरेपूर द्वेष करतो' म्हणून झाल्यावर पुढचीच ओळ आहे : "देवा, मला पारखून पाहा, माझ्यात काही वाईट मार्ग आहे का ते बघ." ७व्या स्तोत्रात तर आधीच अट घातली आहे की माझ्या हातून अन्याय झाला असेल तर शत्रू मला तुडवो. एवढे म्हणायची ज्याची तयारी नाही त्याने पुढचे म्हणू नये.

मग येत्या बुधवारी काय कराल? १३७वे स्तोत्र पुन्हा घ्या, पूर्ण. वाचणाऱ्याला आधी सांगून ठेवा, शेवटचे वचन घाईने उरकायचे नाही आणि नाट्यही करायचे नाही. लहान मुले हजर असतील तर त्यांना त्या वेळी दुसऱ्या खोलीत नेण्यात काही गैर नाही. वाचण्याआधी २ राजे २५चा पहिला भाग कोणी तरी वाचावा, म्हणजे कोण बोलतो आहे ते सगळ्यांना कळेल. वाचून झाल्यावर लगेच गाणे लावू नका. दोन-तीन मिनिटे शांत बसा. मग यिर्मया २९:४ ते ७ वाचा. त्यानंतर विचारा, आपल्या गावात आज हे स्तोत्र म्हणण्याचा हक्क कोणाला आहे? मागच्या बाकावरून कोणी बोलले तर त्यांना मध्येच तोडू नका, त्यांचे सगळे ऐकून घ्या.